दोघींची काहील

कळंब,
१० ऑगस्ट १९८४

प्रिय मथुरा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार ओळींचं पत्र आणि त्यातल्या तीन ओळी म्हशीच्या. शेवटी जागा उरली म्हणून लिहावं तसं लिहिलंस, की तुझ्या सासरच्या गावात बालवाडी निघाली आहे, बाई हवी आहे, पण दहावी पास मागतात, म्हणून तू गप्प बसलीस. तू आणि गप्प? माझ्या काही केल्या ते पचनी पडेना. बुधवारी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं आपल्या माहेरच्या गावी जाऊन आले. का गेले ते शेवटी सांगते, आधी तलावाचं ऐक.

यंदा तलाव निम्मा भरलाय. बुडालेल्या बाभळींचे शेंडे अजून पाण्यावर आहेत आणि सुगरणींनी त्यांना यंदाही घरटी टांगली आहेत. वारा पडला की पलीकडची टेकडी पाण्यात अशी उतरते की बघत राहावं. आणि तुमची गुऱ्हाळाची काहील? काठावर पालथी पडली आहे, तुझ्या आईच्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालतात. मी कडेवरून हात फिरवला. उन्हानं चांगलीच तापली होती.

बहात्तरच्या दुष्काळात त्या तलावाची माती आपण डोक्यावरून वाहिली, मजुरांना खायला मिळायच्या त्या सुकडीच्या आशेनं. पाणी साठलं की शाळा पलीकडच्या काठावर राहील आणि बांधावरून अडीच कोसांचा वळसा पडेल, हे मोठ्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. तोवर ढोकीच्या कारखान्याला ऊस जाऊ लागला होता आणि तुमचं गुऱ्हाळ बंद पडलं होतं. गूळ शिजवायची ती भली मोठी काहील पाण्यात लोटायची कल्पना तुझीच. वल्ही म्हणून गूळ ढवळायची लांब दांड्याची फावडी. तू डावीकडं, मी उजवीकडं. आपल्याकडं राबणाऱ्या बनाबाईची पोर, म्हणजे मी, गुळाच्या काहिलीत बसते म्हणून तुझी चुलती कुरकुरली, तेव्हा तुझे वडील, बलभीमकाका, एवढंच म्हणाले, "गूळ झाला त्यो ऊस कुणी तोडला हुता, वैनी?"

नववी झाली आणि तुझी शाळा बंद केली. दहावीच्या पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत एकटीच काहील घेऊन निघाले. गोल भांडं ते, एका बाजूनं वल्हवलं की जागच्या जागी गिरकी घेतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काठापासून वीस हातांवर मी गरगर फिरत होते, दप्तर पोटाशी धरून. तू धुण्याच्या दगडावर पोट धरून हसत होतीस. मग हसणं थांबवून तशीच कमरेइतक्या पाण्यात आलीस, कड धरून काहील ओढलीस आणि आत बसलीस. "चल, न्हाय तर इथंच म्हातारी हुशील," असं म्हणालीस. त्या दिवसापासून रोज आलीस.

मला लाज वाटते मथुरा, पण खरं सांगते. तू मला सोडायला येतेस एवढंच मी धरून चालले होते. तुलाही एकटीला काहील परत नेता येत नाही, म्हणून शाळा सुटेपर्यंत तू शाळेमागच्या चिंचेखाली बसून राहतेस, याचा मी कितीतरी दिवस विचारच केला नाही. घरी तू पलीकडचं गवत आणायचं सांगून यायचीस. तासाभरात भारा व्हायचा. उरलेला दिवस तू काय करत होतीस हे मला परतीच्या वाटेवर कळायचं. विरुपाक्ष सरांचा आवाज खिडकीतून शिवारभर जायचा. मी प्रमेय सांगायला लागले की तू वल्हं न थांबवता पुढची पायरी सांगायचीस, वर म्हणायचीस, "सर एवढं वरडत्यात, तरी तुला कळत न्हाय व्हय?" भूमितीत मला एकोणसत्तर गुण पडले, त्यातले निम्मे तरी तुझे आहेत.

आणि शेवटचा पेपर. आदल्या दिवशी तुला हळद लागली होती, दुसऱ्या दिवशी लग्न. मी आईला सांगून ठेवलं होतं की पहाटेच उठून बांधावरून चालत जाईन. पण पायात काटा मोडून टाच सुजलेली, मला अंगणसुद्धा ओलांडवेना. बारा महिन्यांचा अभ्यास त्या एका पेपरावर अडला होता. एवढ्यात तू दारात, हातात दोन फावडी. मागून विठाकाकू ओरडत आल्या, "आगं हळद लागल्याली पोर वेशीभाईर जात न्हाय!" तू वळून म्हणालीस, "पाण्याखाली आपलंच रान हाय की आई. म्या वेस कुठं वलांडली?" काकू पदरानं डोळे पुसत काठापर्यंत आल्या आणि काहील त्यांनीच लोटून दिली. पेपर लिहिताना मी दोनदा खिडकीतून पाहिलं. तू चिंचेखाली बसली होतीस, पिवळ्या हातांनी वाळूत आकृती काढत. परत येताना तुझ्या फावड्याचा दांडा पिवळा झाला होता. मी तुला साधं 'बरं झालं आलीस' एवढंही म्हणाले नाही.

आज मी शिक्षिका आहे. माझ्या घरच्यांना भरपेट मिळतं, आई सावलीत बसते. हे सगळं तू वल्हवत आणलंस. तुझे उपकार मानते, मनापासून मानते, आणि सात वर्षं उशिरा मानते याची मला खंत आहे.

तर बुधवारी मी गेले होते ती आपल्या शाळेत, तुझा शाळा सोडल्याचा दाखला काढायला. कारकुनानं जुनं रजिस्टर उघडलं. तुझ्या नावापुढं, शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात लिहिलं आहे, 'सतत गैरहजर'. मी वाचलं, खिडकीतून चिंचेकडं पाहिलं आणि त्या परक्या माणसासमोर रडले. दाखला सोबत आहे. सोबत सतरा नंबरचा फॉर्मही आहे, बाहेरून दहावीला बसायचा. सगळा मी भरलाय, तुझी सही आणि फोटो तेवढा राहिला आहे. पुस्तकं माझी आहेत, पुढच्या एसटीनं पाठवते. बालवाडीची जागा मार्चपर्यंत थांबेल का ते व्यंकटदाजींना सरपंचांकडं विचारायला सांग. नाही थांबली तरी पुढची निघेल, तू मात्र सही कर. परीक्षेच्या सगळ्या दिवसांची रजा मी आत्ताच मागून ठेवली आहे. तू आत बसून लिही. पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली मी बसते.

तुझीच, उजव्या बाजूची,
गुलाब