माझ्या हक्कसोडीचा दिवस

अण्णा, पोथी वाचून झाली, दुपारचं कुणी येत नाही, म्हणून लिहायला बसलेय. नवा कागद घेतला नाही. मुलानं आणलेल्या हक्कसोडपत्राची एक प्रत चुकली होती, तिची मागची बाजू कोरी आहे. आमचे हे गेल्या वर्षी गेले. त्यांच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडल्याची सही उद्या अकरा वाजता माझ्या मुलीनं करायची आहे.

जामखेडला माहेरी, तुम्ही होतात तोवर, तुमची वकिली घराच्या पुढच्या खोलीत चालायची. भांडणाचे खटले तुम्ही घेतच नव्हता. मृत्युपत्रं, वाटण्या, अडत दुकानांच्या भागीदाऱ्या, एवढंच. "गोडी आहे तोवर लिहून ठेवा, बिघडल्यावर माझ्याकडं येऊ नका," असं भागीदारांना बजावायचात. आणि म्हातारं माणूस मृत्युपत्राला आलं, की आत हाक मारायचात, "पोरांना चहा ओट्यावर दे गं." मी कप घेऊन बाहेर जायचे, तुम्ही दार लोटायचात. मला ठाऊक असायचं, आता अण्णा विचारणार, हे तुमच्या मनातलं आहे का पोरांच्या. एकदा एक आजीबाई आतून ओरडल्या, "वकीलसाहेब, मला लेकीला द्यायचंय, पन ह्यो भायेर बसलेला मला घरी न्हेनार हाय का?" त्यांचा मुलगा ओट्यावर बशीतला चहा फुंकत होता. तो म्हणाला, "ए आये, समदं ऐकू येतंय!" त्या दिवशी तुम्ही कागद केला नाहीत. आठ दिवसांनी आजींना एकटीला बोलावलंत.

मग आई गेली. तिच्या नावावर विहिरीजवळची जमीन होती. भावांच्या नावे हक्कसोडीचा कागद तुम्हीच लिहिलात, त्यात स्वतःचाही हक्क सोडलात. मी सासरहून, कोल्हारहून आले. तुम्ही मला दोन्ही भावांच्या मध्ये बसवून वाचून दाखवलंत. मी वाट बघत होते, यांना बाहेर कधी पाठवताय. थोरला म्हणाला, "ताई काय न्हाई म्हणनार हाय व्हय?" सगळे हसले, तुम्हीसुद्धा. मी सही केली. भावांनी साडी चांगली घेतली होती, अजून सणाला नेसते.

राग नाही, अण्णा. दमलेय फक्त. जन्मभर परक्यांना विचारलंत; लेकीच्या मनातलं आपल्याला माहीतच आहे, असं वाटलं असेल.

आज सकाळी मुलाला दळण घेऊन गिरणीत पाठवलं आणि राजूरहून आलेल्या मुलीला विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" ती मेथी निवडत होती. म्हणाली, "तू केलीसच ना सही? तुला कधी वाईट वाटलं?"

"छे गं. मला काय करायचीय जमीन?"

"मग मीही करते," ती म्हणाली, आणि पुन्हा मेथीकडं वळली. तेवढ्यात मुलगा पिठाचा डबा घेऊन आला.

मला ती जमीन हवी होती, अण्णा. सगळी नाही, माझ्या वाट्याची. हे तिला सांगायचं सोडून तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्हाला सांगणं सोपं आहे. ती आतल्या खोलीत आडवी झालीय. जागीच आहे.