अख्खी फेरी वाकून

चि. सिलिगास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (द्यायची अजिबात इच्छा नव्हती, पण आई वरून बघत असेल म्हणून दिले.) तुझी तब्येत बरी असेल. पाठ कशी आहे? पाठीचं मुद्दाम विचारतेय, कारण तुझं बाकी काहीच आम्हाला दिसलं नाही. इकडे सगळं ठीक. पुलाकाचे कंद यंदा बरे धरलेत, डुकरीण व्यालीय, आणि तुझे दाजी मासे आणायला म्हणून जातात ते नुसत्या गप्पा मारून परत येतात. मी मात्र ठीक नाही. माझ्या डोक्याचा भडका उडालाय आणि तो फोनवर मावत नाही, म्हणून बोटीबरोबर हे पत्र धाडतेय. बोट तुम्हाला घ्यायला फिजीत सुवाला येतेच आहे. चढायच्या आधी वाच, म्हणजे इथे कुठल्या तोंडानं उतरायचं ते ठरवायला वाटेत वेळ मिळेल.

आपला तुवालू पहिल्यांदाच जागतिक खेळांत उतरणार, पथकाचा प्रमुख तू, आणि झेंडा माझ्या तेलुपेच्या हातात! पथक ते केवढं, तर चौघांचं. तेलुपे पळणार, दोन पोरं वजनं उचलणार, आणि तू काय उचलणार होतास ते देव जाणे. पोरगी पहिली येईल अशी मला आशा नव्हती रे. मैदानातली डुकरं हाकलत जिनं सराव केला, ती काय पदक आणणार? मला एकच हवं होतं. माझ्या लेकीचा चेहरा, झेंड्याखाली, ताठ मानेनं, सगळ्या जगानं बघावा. (आणि जगाच्या आधी शेजारच्या असेनातेनं बघावा. तिचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी झाला तेव्हापासून ती जमिनीवरून चालायचं विसरलीय.) त्यासाठी मी केवड्याच्या पातींचा घागरा विणला. पुढून लाल-काळी नक्षी, कमरेला शिंपले, बोटांची सालं निघाली. मागची बाजू साधीच ठेवली. म्हटलं, मागून कोण बघतंय?

त्या दिवशी अख्खं बेट सभाघरात लोटलं होतं. टीव्ही मधोमध, जनित्र बाहेर, आणि म्हातारी मंडळी आपापल्या खांबाला टेकून पुढच्या रांगेत. एकेक देश येतोय, हात हलवतोय, जातोय. एवढे देश देवानं कशाला केले कोण जाणे! आपलं नाव येईपर्यंत पाद्रीबुवांची दोनदा प्रार्थना झाली, त्यातली एक जनित्रासाठी होती. आणि मग आलं एकदाचं नाव! पोरं ओरडली, बायकांनी टाळ्या पिटल्या, मी असेनातेचा दंड धरून म्हटलं, "बघ आता!" आणि काय दिसलं, तर चार पाठी. कमरेत वाकलेल्या. झेंडा जमिनीपासून वीतभर वर, झाडू धरल्यासारखा.

मला आधी वाटलं, पोटात दुखत असेल. मग लक्षात आलं. अरे शहाण्या, बसलेल्या माणसांच्या पुढून वाकून 'तुलोउ, तुलोउ', म्हणजे माफ करा, माफ करा, करत जायचं हे सभाघरात ठीक आहे! निघताना पेनिसिमानी आजोबांनी बजावलं होतं, कबूल. ते बेटाचे प्रमुख, ते बजावणारच. "परक्या मुलखात बसलेल्यांसमोरून ताठ जाऊन आमची लाज काढू नका," म्हणाले, तेव्हा मीही मान डोलावली होती. पण मला काय ठाऊक, तिथं चारी बाजूंनी माणसंच बसलेली असतात म्हणून? ऐंशी हजार! समोरच्या पाहुण्यांपुढे वाकलात, समजू शकते. पण ते संपले तर पुढे आणखी बसलेले, वळणावर बसलेले, पलीकडेही बसलेले. कुणीतरी उभं दिसेल मग ताठ होऊ, अशी वाट बघत तुम्ही अख्खी फेरी वाकून काढलीत! पुढे तू होतास. मामाच वाकलाय म्हटल्यावर भाचीनं काय करावं? टीव्हीवरचा माणूस काय म्हणाला ते मास्तरांनी आम्हाला सांगितलं. म्हणाला, "या छोट्या देशाच्या पथकाचं बहुधा काहीतरी पडलंय, ते शोधतायत." हो, पडलंय. अक्कल पडलीय. आणि कॅमेरा मेला मागेच. माझ्या घागऱ्याची साधी बाजू जगानं अगदी जवळून बघितली.

आणि इथं काय झालं माहीत आहे? पेनिसिमानी आजोबा रडले. आनंदानं! म्हणे, "बघा, बाकी सगळे कसे हात उडवत, माना वर करून गेले. रीत फक्त आपल्या लेकरांना." झालं! सगळं सभाघर टाळ्या वाजवायला लागलं. असेनाते हळूच म्हणाली, "तेलुपेच ना गं ती? मी पाठीवरून ओळखली. घागरा मागून साधा ठेवलास ते बरं केलंस हो, उगाच दिखाऊ वाटला असता." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले. सगळी म्हातारी माणसं बसलेली असताना, मधोमध, ताठ. (तुझे दाजी लुंगी ओढून बसवत होते. माझी लुंगी. फाटली ती.) म्हटलं, "आजोबा, रीत राहिली हो, पण माझी पोरगी दिसली नाही. पुन्हा कधी दिसणार आहे ती जगाला? मान वर करून एकदा चालली असती तर कुणाचं काय जाणार होतं?" जनित्र तेवढं धडधडत होतं. तिची शर्यत तरी बघू म्हणून पुढे रोज जाऊन बसले, तर नेमकी ती पळाली तेव्हा घोडे उड्या मारताना दाखवत होते.

तेव्हा सिलिगा, नीट ऐक. मी तुला घ्यायला किनाऱ्यावर येणार नाही. माझ्या घरी जेवायला यायचं नाही. तुझ्यासाठी जपून ठेवलेला सुका टूना मी डुकरांना घालणार आहे. तेलुपेला आईची माया सांग, तुला काही नाही.

तुझी (नाइलाजानं) ताई,
फाआतुपू

ता. क. सुवाहून येताना लाल रंग आणि जाड सुया आण. घागऱ्याची मागची बाजूही भरून काढायची आहे. विसरलास तर पोहत परत जा.

ता. क. २. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. पेनिसिमानी आजोबा आता येऊन गेले. स्वतः चालत. पायरीवर बसले आणि म्हणाले, "फाआतुपू, आम्ही बसतो म्हणून पोरं वाकतात. मग आम्हीच नाही बसलो तर?" तर ठरलंय ते असं. तुमची होडी लागेल तेव्हा किनाऱ्यापासून सभाघरापर्यंत बेटावरचा एकेक म्हातारा उभा असेल. आजोबांचे गुडघे कामातून गेलेत, त्यांना दोघं जण धरतील, पण बसणार नाहीत म्हणतात. टूना अजून डुकरांना घातलेला नाही. तेलुपेला सांग, झेंडा हातात घेऊनच उतर. घागरा घाल. वाटेत कुणी म्हणजे कुणीही बसलेलं नसेल, मीसुद्धा उभीच आहे. वर बघून ये म्हणावं.