कुंकू लागलेले डॉलर

बंदरावरून, दुपारी साडेचार

ती. आईंना सुनेचा वाकून नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. जहाजावर लई थाट आहे, माढ्याचा आख्खा बाजार मावेल एवढा नुसता जेवणाचा हॉल! तिथं रोख चालतच नाही, सगळं कार्डावर. डॉलर लागतात ते असं एखाद्या बेटावर उतरलं की.

निघताना तुम्ही नोटांना हळदीकुंकू लावलंत, ते चांगलंच केलंत. फक्त इथले दुकानदार डाग पडलेली नोट घेत नाहीत. तीन दुकानांतून नोटा परत आल्या. मग एक माणूस आपणहून जवळ आला. मागच्या गल्लीत बदलून देतो म्हणाला. सगळे डॉलर घेऊन हे त्याच्याबरोबर गेले. मला म्हणाले, "तू हितंच बस, धा मिंटात आलो की."

त्याला दीड तास झाला. गर्दी असेल. यांचा फोन माझ्याच पर्समध्ये राहिलाय.

तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेता ना?

पाचला जहाज सुटतं. आत्ताच भोंगा झाला, अगदी आपल्या जुन्या गिरणीसारखा. शिडीवरचा माणूस मला हातानं वर बोलावतोय. नोटा बदलणारा मघाशी समोरून गेला, एकटाच. मी हाक मारली, तर भरभर चालायला लागला.

काळजी करू नका. त्यातली घरी देवापुढं ठेवलेली एक नोट तेवढी हलवू नका.

हे पत्र शिडीवरच्या माणसाकडं देते, पुढच्या बंदरात तो टपालात टाकेल. मी हितंच बसते. यांनी तसं सांगितलंय.

तुमची संस्कृती