घंटेतली चिंधी

सदाशिव पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी २००७

प्रिय अपेक्षा,

अनेक आशीर्वाद. सासूचं पत्र म्हणून धास्तावू नकोस. वकिलाला दाखवायचं तर खुशाल दाखव.

कोर्टाने तुम्हा दोघांना ज्या मध्यस्थ बाईंकडे पाठवलंय, त्या कल्याणीताईंनी मागच्या सोमवारी मला एकटीला बोलावलं होतं. शिवाजीनगरपर्यंत चालत गेले. पाय धड आहेत तोवर रिक्षा कशाला? तुझ्याबद्दलच्या तक्रारी वहीत लिहून नेल्या होत्या, तारखांसकट. मॅट्रिक असले तरी टिपणात मी कच्ची नाही, तुला ठाऊक आहे. त्यांच्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. म्हटलं, रडवायची सोय आधीच करून ठेवलीय. बाई आधी मानसशास्त्र शिकल्या आणि मग वकील झाल्या म्हणे. वही त्यांनी उघडलीच नाही. सकाळी घरात काय काय होतं तेवढं सांगा, म्हणाल्या.

सांगितलं. साडेपाचला आंघोळ, सहाला पूजा, घंटा, आरती. देवघर तुमच्या खोलीच्या भिंतीला लागून, आणि तू हिंजवडीहून रात्रपाळी करून पहाटे चारला येऊन झोपलेली. सून नऊपर्यंत लोळते याला आमच्यात अवदसा म्हणतात, हेही सांगितलं. एकदा तू डोळे चोळत बाहेर आलीस आणि आई, घंटा जरा हळू वाजवाल का, असं विचारलंस. त्यावर मी म्हटलं होतं, "देवाला शिफ्ट नसते." ते मी बाईंना जरा ऐटीतच ऐकवलं. त्या हसल्या नाहीत. एवढंच विचारलं, "सौरभ बारावीला रात्री जागून अभ्यास करत असेल ना, तेव्हाही अशीच वाजवत होतात?"

आठवत नाही म्हणाले आणि उठले.

अपेक्षा, मला आठवत होतं. त्याच्या अकरावी-बारावीची ती दोन वर्षं मी घंटेच्या आत चिंधी बांधत होते, लेकाची झोप मोडू नये म्हणून. देवाचं तेव्हाही काही अडलं नाही. तू आलीस आणि चिंधी तर सोडच, मी भिंतीशी सरकून वाजवायला लागले. हात देवापुढे आणि लक्ष तुझ्या दाराकडे.

आज पुन्हा गेले आणि हे सगळं कल्याणीताईंना सांगून टाकलं. वाटलं, आता त्याच तुझ्या कानावर घालतील. तर म्हणाल्या, "इथे बोललेलं माझ्यापाशी राहतं. अपेक्षाला मी सांगू शकत नाही." मी चिडून विचारलं, मग तुम्ही मध्यस्थ कसल्या? तेवढं एक काम तुमचंच आहे, म्हणाल्या.

संध्याकाळी सौरभ आल्यावर त्याला सांगितलं. घंटेपायी कोणी घर सोडतं का, असं गेले चार महिने तो आणि मी मिळून म्हणत होतो. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, बारावीत मला वाटायचं, तू पूजाच उशिरा करतेस.

गुरुवारी तुम्ही फारकतीच्या कागदावर सह्या करणार. परत ये असं लिहायला मी बसलेले नाही. तो हक्क मी घालवलाय. पण आपणच कुठे तरी कमी पडलो असं मनात धरून सही करू नकोस, म्हणून हे पत्र. मघाशी घंटेत चिंधी बांधली. भिंतीपलीकडे कोणी झोपलेलं नाही, ठाऊक आहे.

तुझीच,
आई