दारातला ‘येतो’

प्रिय विभा,

अटलांटिकवरचा आज सहावा दिवस, १४ एप्रिल १९९६. जहाज पश्चिमेला चाललंय, म्हणून घड्याळ सारखं तासभर मागे घेतात. प्रवाशांना तेवढी झोप जास्त मिळते, आम्हा केबिन आवरणाऱ्यांना काम. आज एक बाई म्हणाल्या, टॉवेलचा हंस कालच्यासारखा जमला नाही. मी माफी मागितली. हंसाबद्दल!

तुझं पत्र मागच्या बंदरात मिळालं. अलीगंजच्या घरून निघताना मी दारात ‘येतो’ म्हणालो आणि आपल्या सुरुचीने त्याचं सरळ हिंदी केलं. संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून होती म्हणे, “पापा बोलके गए हैं, अभी आता हूँ.” तू गंमत म्हणून लिहिलंस. मला हसू आलं नाही गं. आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, हे लखनौत वाढणाऱ्या पोरीला कसं कळावं?

आणि काल मी आणखी आठ महिन्यांच्या करारावर सही केली. तुला न विचारता.

हे पत्र टाकणार नाही. शेवटी सवयीने ‘लवकर येतो’ लिहून बसलो होतो, ते आत्ताच खोडलं. चुकून टाकलंच तर? तू माझी पत्रं तिला वाचून दाखवतेस. ती पुन्हा पायरीवर जाऊन बसेल.

तुझा,
चंद्रशेखर