आंधीमॅनचा तिसरा भाग

घनसावंगी
दि. २४ ऑक्टोबर २००४

चि. परमेश्वरच्या पप्पांना,

चतुराचा नमस्कार. इकडं माहेरी सगळे बरे आहेत, तुम्हीपण तिकडं पुण्याला बरे असाल. अप्पांचे गुडघे दुखतात ते दुखतातच, पण वावरात जायचं काही सोडत न्हाईत. दादाची कापसाची पहिली वेचणी झाली. मी दिवाळीच्या ब्लाउजांत बुडून गेलेय, बाया रोज दारात उभ्या.

माझं अक्षर पाहून दचकला असाल. फोनवर बोलले असते, पण दादाच्या घरातला फोन बैठकीत आहे अन् तिथं सगळ्यांचे कान टवकारलेले असतात.

तातेरावदादानं तुम्हाला सांगितलंच. भाऊबीज झाली की जालन्याच्या टॉकीजला आंधीमॅनचा चौथा भाग लागतोय, पम्याला दाखवायला तुम्ही या. तुम्ही हो म्हणालात. पम्यानं गल्लीभर सांगून टाकलं. आता माझी पंचाईत ऐका. पम्याच्या हिशोबानं आधीचे तिन्ही भाग तुम्ही पाहिलेत.

असं त्याला मीच सांगितलं. स्टँडजवळच्या दुकानातून सीडी आणून पाहिली की तो विचारायचा, "पप्पांनी पाहिला असंल का?" मी म्हणायचे, पाहिला की, तू शाळेत होतास तव्हा फोन आल्ता. मंग त्याचा पुढचा सवाल, "काय म्हणले?" अन् मी मशीन चालवता चालवता काहीबाही ठोकून द्यायचे.

तुम्ही त्यातला एकही पाहिला नसणार, मला माहीत आहे. तुम्हाला पिक्चरमध्ये झोप लागते. पण जालन्याच्या बसमध्ये हे पोरगं तुम्हाला विचारून विचारून हैराण करील. म्हणून रोज संध्याकाळी त्याच्यासोबत एकेक भाग परत बघून मी हे लिहून राह्यले. बराबर पाठ करून या.

पहिल्या भागात तो परदेशातल्या कुठल्याशा गावात घड्याळं दुरुस्त करतो. एकदा वादळात सापडतो अन् वारा त्याच्या अंगात शिरतो. कसा शिरतो ते विचारू नका, मलापण कळलं न्हाई. मंग निळे कपडे घालून उडतो. शिवण मात्र एकदम भारी, खांद्याला कुठं चुणी म्हणून न्हाई. तुम्हाला यातला पुलावरून लटकलेल्या बसचा सीन आवडला. "ड्रायव्हर काय झोपला होता का?" असं तुम्ही म्हणालात. त्यावर पम्या लई हसला होता.

दुसऱ्यात त्याच्या अंगातला वारा निघून जातो. गच्चीवर हात पसरून उभा राहतो बिचारा, अन् काहीच होत न्हाई. बायको म्हणते, मला उडणारा नवरा नको, घरी जेवायला येणारा पाहिजे. बाईचं तेवढं एकच बोलणं खरं वाटलं, बाकी ती नुसती किंचाळते. हा पाहताना तुम्हाला पम्याची आठवण आली अन् तुम्ही रडलात. तुम्हाला न विचारता रडवलं, माफ करा. त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता, मला दुसरं काही सुचलं न्हाई.

तिसरा भाग जरा लांब आहे. थांबा, चहा उतू जाऊन राह्यला.

आले. मधेच चांगुणाकाकू येऊन बाही घट्ट झाली म्हणून भांडून गेली. दिवाळीला सगळ्यांना मीच सापडते.

तर तिसरा. त्याची सुरुवात मला ठाऊक न्हाई, कारण तो पहिल्यांदा लावला तव्हा मी दारात होते. तुमच्यासमोर.

वैशाखात तुम्ही आल्ता, त्या दिवसाचं म्हणते. पिशवी घेऊन गल्लीत वळताना तुम्ही मला दिसला. पम्या टीव्हीसमोर मांडी घालून बसलेला. मी आवाज मोठा केला, बाहेर आले अन् दार मागं ओढून घेतलं. तुम्ही विचारलं, पोरगं कुठंय? मी म्हणाले, मामासंग वाटूरला गेलंय. आतून पिक्चरचा एवढा धिंगाणा ऐकू येत होता, तरी कोण पाहतंय असं तुम्ही विचारलं न्हाई. पम्यासाठी आणलेली बॅट माझ्या हातात दिली अन् त्या उन्हात माघारी गेलात. मी पाणीसुद्धा विचारलं न्हाई.

राग होता मला. माझी आई गेली अन् तुम्ही तेराव्यालासुद्धा आला न्हाईत. कंपनी सुट्टी देईना म्हणे. मला वाटलं, माणसाची भेट हुकली की कसं होतं ते आता तुम्हालाही कळू दे. पण त्यात पम्यानं काय केल्तं? त्याचा बाप मी दारातून परत लावला, अन् वर खोट्या फोनांनी त्याची समजूत घालत राह्यले. मला माझीच लाज वाटते हो. तुम्ही वळलात तव्हाची तुमची पाठ अजून डोळ्यांसमोरून जात न्हाई.

हे लिहायचं न्हाई असं ठरवलं होतं. तिन्ही गोष्टी लिहून पत्र बंद करणार होते. पण काल संध्याकाळी तिसरा लावला. सुरुवातीलाच पम्यानं रिमोट हातात घेतला अन् म्हणाला, "आई, इथं तू आवाज मोठा केल्तास. तव्हा पप्पा आल्ते ना?"

मी ब्लाउजला हुक लावत होते. सुई बोटात घुसली.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी न्हाई. मी खिडकीतून पाहिलं. ते चालले होते."

"मंग हाक का न्हाई मारलीस रे?"

"तू रडली असतीस."

 बोट पदरात दाबून विचारलं, मंग ते फोनवरचं सगळं तुला खरं वाटायचं का? तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणतो, "पप्पांचं सांगताना तू हसायचीस. म्हणून मी विचारायचो."

अहो, एवढंसं पोर. मी त्याला सांभाळते असं मला वाटत होतं.

तुमच्यासाठी त्याचा निरोप आहे. पप्पांना म्हणावं, काही पाठ करू नका, बसमध्ये मी तिन्ही सांगतो. म्हणून तिसऱ्याची गोष्ट मी लिहीत न्हाई. ती त्याच्याकडूनच ऐका, अन् तेवढं झोपू नका.

मला काय बोलायचं ते बोला, फक्त त्याच्यासमोर नको. न्हाई, त्याच्यासमोरच बोला. त्याच्यापासून आता काय लपलंय?

स्टँडवर पम्या घ्यायला येईल. टॉकीजला जायच्या आधी घरी या, पाणी पिऊन जा. पम्या म्हणतो, आईचंपण तिकीट काढायला सांग. मी त्याला हो म्हणाले न्हाई, अन् नकोही म्हणाले न्हाई. ते तुम्ही ठरवा.

पम्याची आई,
अन् अजून तुमची म्हणत असाल तर तुमची,
चतुरा