शुक्रवारची स्लाइड

९ जुलै, मंगळवार
शुक्रवारी सकाळी मी काय केलं ते लिहून ठेवतो. पूजा आटोपून साडेसातला चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या लॅबमध्ये पोचलो. पहिलीच स्लाइड सुगुणाबाईंच्या रक्ताची. निवृत्त शिक्षिका, अपघातात प्लीहा काढलेली, आठ दिवस ताप. तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या दिसल्या, मलेरियाचा जंतू दिसतो तशा. मलेरियाच्या झटपट चाचणीचं कार्ड मात्र निगेटिव्ह. कार्ड चुकतं कधीकधी. मलेरिया लिहिलं, सही केली.

त्यांची मुलगी वत्सला रिपोर्टच्या खिडकीशी होती. तंजावरकडची मराठी. "अण्णा, आमची बोली कानीं पडली, बरं वाटलं. डॉक्टर म्हणतात पीसीआर करा, रक्तांत जंतूचा जीन शोधतात ती. करूं की नको?"

"नको. मी डोळ्यांनी पाहिलंय."

तिने डॉक्टरांना तेच कळवलं. औषधाचा आज पाचवा दिवस. ताप तसाच.

१० जुलै, बुध.
वत्सला रक्ताचा नवा नमुना घेऊन आली. अम्माची लघवी काळ्या चहासारखी होते म्हणाली. मग बोलतच राहिली. दर शुक्रवारी अम्मा शेजारच्या गाईला हादग्याचा पाला घालते, तिच्या मानेवरचे गोचीड हाताने काढते. "आम्ही ओरडतों. तर म्हणते, गाय तुमच्यासारखी कटकट करीत नाही."

गोचीड. गडद लघवी. गावी आमचा बैल असाच गेला, गोचीड तापाने. मी चौथीत होतो. माणसालाही क्वचित होतो, हे वाचलेलं. पण शुक्रवारी...

तीच स्लाइड पुन्हा लावली. तासभर. एका पेशीत चार दाणे, फुलीसारखे जुळलेले. मलेरियात असं नसतं. शुक्रवारीही ते तिथेच होते.

११ जुलै, गुरु.
डॉक्टरांना फोन. "पीसीआर करू या. मलेरिया, आणि बाबेसियाही." बाबेसिया, गोचीड तापाचा जंतू, वेगळा मागावा लागतो, नाहीतर शोधतच नाहीत. चुकलो, असं म्हणालो नाही. फ्रिजमधली शुक्रवारची नळी आणि कालची, दोन्ही पाठवल्या.

लॅबच्या मॅडम: "रोज मायक्रोस्कोपला नमस्कार करून बसता. आज त्यानेच सांगितलं वाटतं?"

१३ जुलै, शनि.
मलेरियाचा जीन नाही. बाबेसियाचा आहे, दोन्ही नळ्यांत. औषध बदललं. सुगुणाबाई आयसीयूत, डायलिसिसवर. डॉक्टर म्हणाले, हे आठवडाभर आधी कळतं तर...

मॅडम: "सुधारित रिपोर्ट जाईल. घरच्यांना बाकी कशाला?"

वत्सलाने माझे हात धरले. "तुम्ही होतां म्हणून सांपडलं, अण्णा." संध्याकाळी जपाला बसलो, नुसते ओठ हलले.

१४ जुलै, रवि.
जवळच्या कोवलमला समुद्रावर जाऊन आलो. उद्या सांगायचं. कालही उद्याच म्हणालो होतो.

१५ जुलै, सोम.
आयसीयूबाहेर बाकड्यावर वत्सलाशेजारी बसलो. सांगितलं. मलेरिया मी लिहिलं, ते चूक होतं. स्लाइडमध्ये दिसत होतं, मी नीट पाहिलं नाही. आणि डॉक्टरांची चाचणी मीच अडवली.

तिने दाराकडे पाहिलं.

"डॉक्टरांस ठाऊक आहे?"

"नाही."

"मग इथें कां बसलां? जा की."

गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी लेखी मागितलं. त्यांच्या टेबलाशी उभं राहून लिहिलं, खाली सही केली.